हल्ली विसरायला होतंय? स्मरणशक्ती जपणाऱ्या रोजच्या सवयी आणि उपयोगी पडणाऱ्या युक्त्या

"डॉक्टर, हल्ली माझ्या काही लक्षातच राहत नाही. मला अल्झायमर तर होत नाही ना?" पन्नाशी-साठी ओलांडलेल्या रुग्णांकडून हा प्रश्न जवळपास रोज ऐकायला मिळतो. विचारणाऱ्याच्या आवाजात भीती असते. सोबत आलेली सून किंवा मुलगा तेवढ्यात सांगतो, "परवा गॅसवर दूध ठेवून शेजारी गप्पा मारत बसल्या होत्या." रुग्ण ओशाळतो आणि पुढचे बोलणे अवघड होऊन बसते.

अशा तक्रारी घेऊन स्वतःहून येणाऱ्या बहुतेकांना डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश नसतो. काहींच्या विसराळूपणामागे पूर्ण बरे होऊ शकणारे कारण सापडते. काहींच्या बाबतीत मात्र ती खरोखरच आजाराची सुरुवात असते. भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे साठीच्या पुढच्या दर १०० जणांत साधारण ७ जण. त्यामुळे "वय झालं की असंच व्हायचं" म्हणून दुर्लक्ष करणेही बरोबर नाही आणि चष्मा सापडला नाही म्हणून रात्रभर जागणेही बरोबर नाही.

आठवण तयार कशी होते?

एखादी गोष्ट लक्षात राहण्याचे तीन टप्पे आहेत. आधी तिच्याकडे लक्ष जावे लागते, मग ती साठवली जाते आणि गरज पडेल तेव्हा ती बाहेर काढता यावी लागते. आपण "विसरलो" म्हणतो तेव्हा पुष्कळदा पहिलाच टप्पा झालेला नसतो. फोनवर बोलत बोलत किल्ली ठेवली, तर मेंदूने ती जागा टिपलेलीच नसते. न लिहिलेले पान नंतर वाचता येणार नाही, तसेच हे आहे.

साठवण्याच्या कामात मेंदूच्या आतल्या बाजूला असलेल्या हिप्पोकॅम्पस या छोट्या भागाचा मोठा वाटा असतो. हे कळले ते एका दुर्दैवी शस्त्रक्रियेमुळे. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलायसन या २७ वर्षांच्या तरुणाला अपस्माराचे फार झटके येत होते. ते थांबावेत म्हणून दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला गेला. झटके कमी झाले, पण त्यानंतर २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच्या मनात घडणाऱ्या गोष्टींची नवी आठवण टिकली नाही. थोड्या वेळापूर्वी भेटलेली व्यक्ती त्याला नवीनच वाटे. पण आरशात पाहून चांदणी रेखाटायला त्याला शिकवले, तेव्हा त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला, आणि आपण हे आधी केले आहे याचा मात्र त्याला पत्ता नव्हता. म्हणजे "काय घडले" याची आठवण आणि "कसे करायचे" याची सवय मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी राहतात. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सांगितलेल्या निम्म्या युक्त्या यावरच उभ्या आहेत.

वय वाढते तसा मेंदूचा वेग थोडा मंदावतो. नाव ओठांवर येऊन अडकते आणि दुपारी भाजी निवडताना आठवते. एकाच वेळी तीन कामे करणे जमत नाही. हे बदल नैसर्गिक आहेत. शब्दसंग्रह, अनुभव, जुनी कौशल्ये मात्र बराच काळ टिकून राहतात.

युक्त्यांआधी हे तपासा

पंच्याहत्तरीतल्या एका गृहस्थांना घरच्यांनी "आता बाबांचं सगळं संपलं" अशा तयारीने आणले होते. ते बोलत नव्हते, पेपर वाचत नव्हते, मुलीचे नाव चुकत होते. ते आयुष्यभर शाकाहारी होते आणि दूधही अनेक वर्षांपूर्वी बंद केलेले. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दहा वर्षांपासून चालू. बी-१२ फारच कमी निघाले. इंजेक्शने सुरू केल्यावर काही आठवड्यांत ते पुन्हा शब्दकोडे घेऊन बसायला लागले. सगळ्यांचे असे होत नाही आणि फार उशीर झाला तर नुकसान पूर्ण भरूनही येत नाही. पण न तपासता "वय झालं" म्हणून सोडून दिले असते, तर त्यांची संधी गेली असती.

बी-१२ जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे आणि मांसातून मिळते. भाज्या, डाळी, फळे यांत ते भरवशाने मिळत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या शाकाहारी घरांत त्याची कमतरता नेहमीची आहे. मेटफॉर्मिन आणि अॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या तर ते आणखी घटते. थायरॉईड कमी असणे हे दुसरे नेहमीचे कारण. साध्या रक्ततपासणीत दोन्ही कळतात.

तिसरे कारण औषधांच्या डब्यातच असते. झोपेसाठी किंवा "टेन्शनसाठी" म्हणून सुरू झालेली अल्प्राझोलामची गोळी अनेकांकडे वर्षानुवर्षे चालू राहते. कोणी लिहून दिली होती हेही आता आठवत नाही. अशा गोळ्यांनी नवीन आठवणी नीट बसत नाहीत आणि पडण्याचा धोका वाढतो. सर्दी-खाजेवरच्या झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या, वारंवार लघवी होण्यावरची काही औषधे आणि अमिट्रिप्टिलीन यांचाही म्हाताऱ्या मेंदूवर असाच परिणाम होऊ शकतो. पण यातली कोणतीही गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका. अल्प्राझोलाम अचानक थांबवल्यास झटकेसुद्धा येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करावी लागते.

नैराश्य ज्येष्ठांमध्ये पुष्कळदा विसराळूपणाच्या वेशात येते. जोडीदार गेल्यावर, निवृत्तीनंतर, मुले परदेशी गेल्यावर माणूस "मला काही आठवत नाही" म्हणतो. प्रत्यक्षात त्याला कशात रसच उरलेला नसतो. उपचाराने हे सुधारते. मोकळेपणाने बोलायला कोणी नसेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे, दारू, पडल्यावर डोक्यात हळूहळू साठणारे रक्त, रक्तातले सोडियम कमी होणे ही आणखी काही कारणे. यांची चर्चा तुमच्या डॉक्टरांशी करा.

किल्ली, गॅस आणि गोळ्या

आता रोजच्या युक्त्यांकडे येऊ. पहिली अगदी साधी आहे, पण तिच्याइतकी उपयोगी दुसरी मला माहीत नाही: करताना मोठ्याने बोला. "मी गॅस बंद केला." "मी कडी लावली." "किल्ली देवघराच्या खणात ठेवली." शक्य असेल तर त्या वस्तूकडे बोट दाखवा. सुरुवातीला वेड्यासारखे वाटेल, नातवंडे हसतीलही. पण रेल्वेच्या इंजिनात लोको पायलट आणि त्यांचे सहायक समोरचा सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात. जपानमधील रेल्वे कर्मचारी तर बोट दाखवून उच्चार करतात. हात हवेवर चालत असताना लक्ष दुसरीकडे जाऊ नये, हाच त्यामागचा हेतू आहे.

वस्तूंना ठरावीक घर द्या. किल्ली, चष्मा, मोबाइल, पाकीट या चार गोष्टींसाठी दाराजवळ एक टोपली किंवा ताटली ठेवा आणि दुसरीकडे कुठेही ठेवू नका. "लक्षात ठेवीन" असे म्हणण्यापेक्षा लक्षात ठेवायची गरजच न पडणे केव्हाही चांगले. तीन-चार आठवड्यांत हात आपोआप तिकडे जायला लागतो. हेन्री मोलायसनच्या हातासारखेच हे आहे, सवय वेगळ्या कप्प्यात बसते. याचा अर्थ असाही होतो की आईची स्मरणशक्ती कमी झाली आहे म्हणून तिच्या सोयीसाठी स्वयंपाकघराची मांडणी बदलू नका. डबे होते तिथेच राहू द्या. नवे मॉड्युलर किचन अशा वेळी फायद्यापेक्षा तोटाच करते.

स्वयंपाकघरात गेलो आणि कशासाठी आलो ते आठवेना, हा अनुभव पंचविशीतल्या लोकांनाही येतो. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्यावर मेंदू जणू प्रकरण बदलतो आणि आधीचा विचार मागे पडतो. घाबरू नका. उलट पावली जिथे होतात तिथे जाऊन उभे राहा, बहुतेक वेळा आठवते. निघतानाच "कात्री आणायला चाललोय" असे पुटपुटले, तर तेवढीही वेळ येत नाही.

गॅसचा प्रश्न मात्र विनोदाचा नाही. बर्नर चालू असेपर्यंत ओटा सोडायचा नाही असा नियम करा. ओटा सोडायचाच असेल तर टायमर लावून तो खिशात न्या, म्हणजे शेजारच्या घरातही तो वाजेल. टायमर स्वयंपाकघरात ठेवून उपयोग नाही. मंद आचेवर दूध "जरा वेळ" ठेवायची सवय असेल तर इंडक्शनची आपोआप बंद होणारी शेगडी घेण्याचा विचार करा.

गोळ्यांची आठवण ठेवायची तर त्यांना जुन्या सवयीला जोडा. "सकाळी गोळी घ्यायची" हा ठराव कच्चा राहतो. "दात घासले की थायरॉईडची गोळी, पाऊण तासाने चहा" हा पक्का. थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी पाण्यासोबत घ्यायची असते, म्हणून ती ब्रशच्या ग्लासाजवळ ठेवणे सोयीचे. जेवणानंतरच्या गोळ्या जेवणाच्या टेबलावर ठेवा. देवापुढे दिवा लावणाऱ्यांनी संध्याकाळची गोळी दिव्याला जोडावी. एकाला एक जोडले की पहिली कृती दुसरीची आठवण करून देते.

औषधांच्या दुकानात सात दिवसांचे कप्पे असलेला डबा मिळतो. तो रविवारी एकदा भरायचा. त्याचा खरा फायदा असा की गोळी घेतली की नाही याचे उत्तर डब्यातच मिळते, कप्पा रिकामा म्हणजे घेतली. आठवत नाही म्हणून मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी दुसऱ्यांदा घेणे धोक्याचे आहे. नक्की आठवत नसेल तर पुन्हा घेऊ नका, आधी डॉक्टरांना किंवा औषध विक्रेत्याला विचारा.

यादी, कॅलेंडर, मोबाइलचा गजर वापरल्याने मेंदू आळशी होतो का, असे बरेच जण विचारतात. मला तसे वाटत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दूधवाल्याचे खाडे लिहिणारी आपली आजी आळशी नव्हती. जे हरवून चालणार नाही ते कागदावर ठेवा.

नावे, आकडे आणि बाजाराची यादी

नावे सगळ्यांनाच जड जातात, कारण नावाला अर्थाचा आधार नसतो. तो आधार आपण तयार करायचा. ओळख करून देताना नाव नीट ऐका आणि लगेच एकदा वापरा: "अच्छा, सातारकर. म्हणजे मूळचे साताऱ्याचे?" मराठी आडनावांची इथे मोठी सोय आहे. निम्म्या आडनावांत गाव असते, बाकीच्यांत व्यवसाय, प्राणी, एखादा गुण किंवा खाण्याचा पदार्थ. वाघमारे म्हटल्यावर डोळ्यांपुढे वाघ आणा आणि तो त्या माणसाच्या मिशीला जोडून टाका. चित्र जितके विचित्र तितके ते टिकते. निरोप घेताना पुन्हा नावाने हाक मारा आणि घरी पोहोचल्यावर आज कोण कोण भेटले ते एकदा मनात उजळा.

एका वेळी मनात किती गोष्टी धरता येतात? जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये सात, दोन कमी किंवा दोन जास्त, असा आकडा सांगितला. पुढच्या संशोधकांच्या मते तो चारच्या आसपास आहे. म्हणून दहा आकडी मोबाइल क्रमांक सुटे दहा अंक म्हणून राहत नाही, गट पाडले की राहतो. मराठीत आपण "अठ्ठ्याण्णव, बावीस, पंचेचाळीस" असे जोडीने सांगतो, तेव्हा दहाचे पाच होतात. जन्मसाल, घर क्रमांक, बसचा क्रमांक अशा ओळखीच्या संख्येला एखादी जोडी लावली की आणखी सोपे. एटीएमचा पिन मात्र जन्मसालावरून ठेवू नका, ते चोरालाही सुचते.

यादीसाठी प्राचीन ग्रीकांपासून चालत आलेली एक पद्धत आहे: ओळखीच्या वाटेवर वस्तू ठेवत जाणे. तुमचेच घर घ्या. दार, चपलांचे कपाट, झोपाळा, देवघर, ओटा, फ्रिज अशी सहा ठिकाणे नेहमीच्या क्रमाने ठरवा. आता बाजारातून लिंबे, अंगाचा साबण, बल्ब, कापूर, रवा आणि पासबुक भरून आणायचे आहे असे समजा. दाराला लिंबांचे भले मोठे तोरण लटकले आहे. चपलांच्या कपाटातून साबणाचा फेस वाहतोय. झोपाळ्यावर पेटलेला बल्ब बसून झोके घेतोय. देवघरात कापराचा डोंगर झाला आहे. ओट्यावर रव्याचा पाऊस पडतोय. फ्रिज उघडला तर पासबुक थंडीने कुडकुडतेय. बाजारात गेल्यावर मनातल्या मनात घरातून फेरी मारा. पहिल्या दिवशी वेळ लागेल. आठवडाभर केल्यावर वीस वस्तूंची यादीही जमते. स्मरणशक्तीच्या स्पर्धांत भाग घेणारे लोक मूळ याच पद्धतीने खेळतात. त्यांचा मेंदू जन्मतः वेगळा असतो असे नाही.

नवीन काही शिकताना

जर्मन शास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करून आपण त्या किती वेगाने विसरतो ते मोजले आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. सर्वात जास्त विस्मरण पहिल्या काही तासांत होते, नंतर उतार मंदावतो. म्हणून एका बैठकीत दहा वेळा वाचण्यापेक्षा ते अंतर ठेवून उजळावे: आज, उद्या, तीन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने. वेदपाठशाळेतले जटापाठ आणि घनपाठ किंवा जुन्या शाळेतले रोजचे पाढे यांमागेही ठरावीक अंतराने, मोठ्याने, शब्द उलटसुलट फिरवत म्हणण्याचाच विचार होता.

यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे पुस्तक मिटून आठवून पाहणे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिले तर पुन्हा वाचणारे किंचित पुढे होते. आठवड्याने पाहिले तर त्यांना ४२ टक्के आठवत होते आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. दहावीच्या मुलाला हे सांगाच, पण आजी-आजोबांनाही ते लागू आहे. यूपीआयने पैसे पाठवायला शिकायचे असेल तर नातवाने तीनदा करून दाखवल्याने येत नाही. फोन स्वतःच्या हातात घ्या, दहा रुपये मुलीला पाठवा, उद्या पुन्हा न विचारता करून पाहा, अडले तरच विचारा. नातवंडांनीही जरा धीर धरावा. "द्या इकडे, मी करतो" या वाक्याने कोणीही काही शिकत नाही.

झोप, चालणे, कान आणि रक्तदाब

दिवसभरात टिपलेल्या गोष्टी पक्क्या करण्याचे बरेचसे काम मेंदू झोपेत करतो. प्रौढांना सात ते नऊ तास आणि पासष्टीच्या पुढे सात ते आठ तास झोप हवी. दुपारची वामकुक्षी अर्ध्या तासात आटोपा, लांबली तर रात्रीची झोप बिघडते आणि मग गोळी मागितली जाते. मोठ्याने घोरत असाल आणि दिवसा पेंगत असाल तर झोपेची तपासणी करून घ्या.

व्यायामाबद्दल एक सुखद अभ्यास आहे. २०११ मध्ये अमेरिकेत १२० ज्येष्ठांचे दोन गट केले गेले. एका गटाने वर्षभर आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटांपर्यंत भरभर चालणे केले, दुसऱ्याने फक्त ताण देण्याचे हलके व्यायाम. चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला, दुसऱ्या गटाचा थोडा आकसला. अभ्यास लहान होता आणि पुढच्या सगळ्या अभ्यासांत असेच चित्र दिसले नाही. तरी चालण्याचा हृदयाला, साखरेला, झोपेला आणि मनाला होणारा फायदा वादातीत आहे आणि या चौघांचा मेंदूशी थेट संबंध आहे. आठवड्याला १५० मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चाला. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसून हातापायांचे व्यायाम किंवा पाण्यातले चालणे करा.

ऐकू कमी येणे हा डिमेन्शियाचा मोठा धोका आहे, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. नीट ऐकूच आले नाही तर लक्षात काय राहणार? आणि माणूस हळूहळू गप्पांतून बाजूला पडतो. चष्मा लावताना आपण लाजत नाही, कानाच्या यंत्राला मात्र "अजून तेवढं काही नाही" म्हणतो. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाच्या अहवालात टाळता किंवा कमी करता येण्यासारखे १४ धोके दिले आहेत. त्यांत ऐकू कमी येणे, वाढलेले वाईट कोलेस्टेरॉल, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, नैराश्य, एकटेपणा, अधू दृष्टी, हवेचे प्रदूषण हे सगळे येतात. हे सर्व हाताळता आले तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येतील असा आयोगाचा अंदाज आहे.

यात सर्वात जास्त हातात असलेली गोष्ट म्हणजे रक्तदाब. चाळिशीत दुर्लक्षिलेला रक्तदाब सत्तरीत मेंदूकडे वसुली करायला येतो. गोळी लागली की "सवय लागेल" म्हणून टाळणारे रुग्ण पाहिले की वाईट वाटते. तंबाखू आणि मिश्री मेंदूच्या रक्तवाहिन्यांनाही त्रास देतात. मिश्री हे दंतमंजन नव्हे, जळलेला तंबाखू आहे.

आहारासाठी वेगळे काही शोधू नका. भाजी-पोळी, वरण-भात, उसळी, ताक, मूठभर शेंगदाणे किंवा अक्रोड, खात असाल तर आठवड्यातून दोनदा मासे, फळे. मीठ, तळण आणि साखर कमी. पापड-लोणचे रोज पानात नको.

बदाम, ब्राह्मी आणि मेंदूचे खेळ

भिजवलेले बदाम चांगले अन्न आहे, चार-पाच खा. पण त्यांनी विसरलेले नाव आठवेल अशी अपेक्षा ठेवू नका. गिंकोच्या गोळ्यांचा ७५ वर्षे आणि त्यापुढच्या ३,००० हून अधिक लोकांवर मोठा अभ्यास झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डिमेन्शिया टळला नाही. ब्राह्मीवर लहान अभ्यास आहेत, काहींत थोडा फायदा दिसतो, पण डिमेन्शिया टाळण्यासाठी तिच्यावर विसंबून राहता येत नाही. घ्यायचीच असेल तर नोंदणीकृत वैद्यांच्या सल्ल्याने घ्या आणि आपल्या डॉक्टरांना सांगा. लेबल नसलेली पुडी घेऊ नका, काही भस्मयुक्त औषधांत शिसे आणि पारा आढळले आहेत.

शब्दकोडे, सुडोकू आणि मोबाइलवरचे "ब्रेन ट्रेनिंग" यांनी माणूस त्या त्या खेळात तरबेज होतो. तो फायदा किल्ली सापडण्यापर्यंत फारसा पोहोचत नाही. असे दावे करणाऱ्या एका कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकेत २० लाख डॉलर भरावे लागले. खेळ आवडत असेल तर जरूर खेळा. पण वेळ निवडायची वेळ आली तर भजनी मंडळ, पेटी शिकणे, नातवाला गोष्ट सांगणे किंवा चार मित्रांबरोबर चालायला जाणे मी आधी सुचवीन, कारण त्यात नवे शिकणे, हालचाल आणि माणसे एकत्र येतात.

घरात कोणाला डिमेन्शियाचे निदान झाले असेल तर

वर सांगितलेली "आठवून पाहा" ही पद्धत या व्यक्तींसाठी नाही. चुकीचे उत्तर दिले की तेच डोक्यात बसते. त्यामुळे त्यांना योग्य उत्तर आधीच द्यायचे आणि चूक होऊ न देता शिकवायचे. "ओळख बघू, मी कोण?" हा खेळ पाहुणे हमखास खेळतात. समोरच्याला ती परीक्षा असते आणि ती तो सर्वांदेखत नापास होतो. त्यापेक्षा "आई, मी सुनील, तुझा धाकटा. ऑफिसातून आलो" असे सांगत आत या. तोच प्रश्न दहाव्यांदा विचारला तर "आत्ताच सांगितलं ना!" म्हणू नका. तिच्यासाठी तो पहिलाच आहे. खोलीत मोठ्या अक्षरांची तारीख-वाराची पाटी आणि मोठे घड्याळ ठेवा, बाथरूमच्या दारावर चित्र लावा, दिवसाचा क्रम बदलू नका. व्यक्ती बाहेर पडत असेल तर खिशात नाव आणि घरच्यांचा फोन क्रमांक असलेले कार्ड ठेवा.

डॉक्टरांकडे केव्हा जायचे?

किल्ली कुठे ठेवली ते विसरणे एक, आणि किल्ली हातात धरून ती कशासाठी असते हे न कळणे दुसरे. पुढील गोष्टी घडत असतील तर महिनाभरात दाखवा: तोच प्रश्न किंवा तीच गोष्ट थोड्या वेळाने पुन्हा सांगणे, ओळखीच्या गल्लीत रस्ता चुकणे, वर्षानुवर्षे केलेल्या पुरणपोळीचा क्रम चुकणे, पैशांच्या हिशेबात नव्याने होणारे घोळ, साध्या वस्तूंचे शब्द न सापडणे, स्वभाव एकदम बदलणे, आणि हे सगळे स्वतः व्यक्तीपेक्षा घरच्यांना जास्त जाणवणे. काल ठीक असलेली व्यक्ती आज अचानक गोंधळली, असंबद्ध बोलू लागली, तोंड वाकडे झाले किंवा हातपाय लुळा पडला, तर वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालयात न्या. लघवीतील संसर्ग, सोडियम कमी होणे, साखर घसरणे किंवा पक्षाघात यांपैकी काहीही असू शकते.

पहिल्या भेटीत डॉक्टर काही प्रश्न विचारतील, घड्याळाचे चित्र काढायला सांगतील, रक्तातले बी-१२, थायरॉईड, साखर, सोडियम पाहतील आणि गरज वाटल्यास मेंदूचा सीटी किंवा एमआरआय करायला सांगतील. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, काढे, चूर्णे एका पिशवीत घालून न्या. काय विसरले, कोणत्या तारखेला, आधी असे होत होते का, हे आठवडाभर एका वहीत लिहून ठेवा. सोबत रोज घरात असणारी व्यक्ती न्या आणि कानाचे यंत्र, चष्मा विसरू नका.